त्याच्याच पेल्यात आणा

हयातवाल्यांच्या चपला वाजत नसत. इतक्या वर्षांनी त्या दिवसांची आठवण निघाली की मला आधी ती शांतताच आठवते. कचेरीच्या फरशीवर प्रत्येकाचं पायताण काही ना काही बोलायचं. शिपाई पाय घासत यायचा, साहेबांच्या आधी साहेबांचे बूट यायचे. हयातवाले मात्र येत नसत, एकदम असायचे. फाइलीतून मान वर करावी तो टेबलापलीकडे उभे! उंच, वाळलेले, पांढरा बुशशर्ट, हातात काळी छत्री, गालात धणाडाळ. किती वेळचे उभे आहेत हे विचारण्याची सोय नव्हती, कारण ते सांगायचे. "तुमी मोबाइलवर साडूच्या शिव्या खाऊन राह्यले होते न बाबू, तवापासून."

तालुक्याच्या कचेरीत आमचं टेबल निराधारांचं. थकलेले म्हातारे, विधवा, अपंग, अंथरुणाला खिळलेली माणसं, ज्यांना सरकार दरमहा थोडी मदत देतं, त्यांचे कागद आमच्याकडे. दर उन्हाळ्यात या माणसांनी आपण अजून जिवंत आहोत असा दाखला द्यायचा, त्याला म्हणतात हयातीचा दाखला. ज्याला कचेरीपर्यंत येणं जमत नाही त्याच्या घरी कुणीतरी जाऊन पाहून यायचं. ते कुणीतरी म्हणजे हे. म्हणून पाठीमागे हयातवाले आणि तोंडावर काकाजी.

बाकीचे लोक असं काम कसं करतात ते मी चांगला जाणतो, कारण मीही तसंच केलं आहे. ओट्यावर बसायचं, चहा घ्यायचा, "आहे का बुढा?" विचारायचं, "आहे न" ऐकायचं, सही ठोकायची. हयातवाले ओट्यावर बसत नसत. आजारी माणूस ज्या खोलीत असेल तिच्या उंबऱ्यावर जाऊन ते उभे राहत, छत्रीचं टोक फरशीवर टेकवत, आणि त्या माणसाचं पूर्ण नाव, बापाच्या नावासकट, कोर्टातल्या चपराशासारखं पुकारत. मग थांबत. उत्तर त्या माणसानंच द्यायचं. आवाजानं, बोटानं, खोकून, पापणी हलवून, जे काय शिल्लक असेल त्यानं. घरच्यांनी मध्ये तोंड घातलं की छत्री आडवी वर जाई.

"आहे न साहेब, जिता आहे," पोरगा म्हणे.

"तू जिता आहे ते दिसून राह्यलं मले. मी त्याले विचारलं."

"त्याले बोलता येत नाई."

"मंग थांबू. मले कोठी जायचं आहे?"

"अन् नाईच हालला तं?"

"तुह्या उत्तरावर मी मयत लिहीन, त्याच्या उत्तरावर हयात. आता तूच पाय, कोनाचं उत्तर पाह्यजे तुले."

आमच्या जीपचा ड्रायव्हर त्यांच्याबरोबर आधी समुद्रपूरकडे नोकरीला होता. तिथली एक गोष्ट तो दर वेळी आवाज खाली आणून सांगायचा. जाम गावच्या चौकापासून थोडं आत, हायवेच्या मागं एक घर. मे महिन्याची दुपार. हयातवाल्यांनी बारा वाजता म्हाताऱ्याचं नाव पुकारलं. म्हातारा छताकडे बघत पडलेला, हूं नाही की चूं नाही. घरचे जेवले, झोपले, उठले. ड्रायव्हर जीपमध्ये एक झोप काढून आला. बाहेर ट्रकांची रांग आणि आत उंबऱ्यावर हा माणूस, छत्री टेकून, तसाच. साडेचारला म्हाताऱ्याच्या डाव्या पायाचा अंगठा हलला. "हजर," असं म्हणून हयातवाल्यांनी लिहून घेतलं.

"साडेचार घंटे, भाऊ," ड्रायव्हर म्हणायचा. "एक पापनी नाई मारली त्यानं."

"म्हाताऱ्यानं?"

"नाई. आपल्या मानसानं."

काम आटपलं की ते पाणी मागत. आणि म्हणत, "त्याच्याच पेल्यात आणा."

एवढ्या तीन शब्दांनी घरांचे चेहरे कसे बदलतात ते मी पाहिलंय. काही घरांतून पेला लगेच येई, लख्ख घासलेला. तिथं ते घटाघट पीत आणि दुसऱ्या घराकडे वळत. काही घरांत आधी आतून भांडी आपटल्याचा, मग घाईघाईनं राख चोळल्याचा आवाज येई. ते थांबत. पेला आला की उजेडाकडे धरत, तळाचा हिरवा थर पाहत, आणि तेही पाणी पीत. सगळं. घरच्या बाईकडे बघत बघत. एका सुनेनं मला पुढं सांगितलं, "भाऊजी, शिव्या देल्ल्या असत्या तं बरं झालं असतं. तो मानूस पेला ठेवून चालला गेला, अन् तवापासून मी घरात पहिले सासऱ्याचाच पेला घासतो."

सरकारी नमुन्यात रकान्यांची काही कमी नाही. हयातवाले तरी प्रत्येक अर्जावर पेन्सिलीनं आणखी एक रकाना आखत आणि वर लिहीत: नंतर कोण? आज जो या माणसाचं करतो तो उद्या नसला तर कोण करणार, त्याचं नाव. नाव मिळेपर्यंत अर्ज पुढे सरकत नसे. साहेब चिडायचे. "हा रकाना कोणत्या शासन निर्णयात आहे हो?"

"कोनत्याच नाई साहेब. रबरानं खोडता येते."

साहेबांच्या टेबलावर रबर होतं. कुणी कधी खोडलं नाही.

आता त्यांची खरी करामत सांगतो. भर दुपारी आम्ही एखाद्या गावात तपासणीला जायचो. आमच्याकडची उन्हाळ्याची दुपार ज्याला माहीत आहे त्याला सांगायला नको. गल्ल्या ओस, दारं लोटलेली, कुत्रीसुद्धा नालीत. चालता चालता हयातवाले मधेच एका दारापुढे थांबत. ते घर आमच्या यादीत नसे. तारेवर वाळणारे कपडे पाहत, दारातल्या चपला पाहत, मोरीशी पालथी घातलेली भांडी पाहत. ओठ हलत. मग म्हणत, "या घरात एक जास्त आहे, बाबू."

आणि असायचं! कुठं मागच्या खोलीत वेडसर दीर, कुठं गोठ्याशेजारच्या खोपटात लकवा मारलेली आत्या. रेशनकार्डात नाही, यादीत नाही, गावाच्या तोंडी नाही. हयातवाले त्या माणसाला पुकारत, उत्तर घेत, आणि घरच्यांना कागद समजावत बसत: आधी आधारकार्ड, मग जिल्ह्याच्या ठिकाणी डॉक्टरांच्या बोर्डापुढे नेऊन अपंगत्वाचा दाखला, मग उत्पन्नाचा, मग आमच्याकडे अर्ज. सगळं खुर्चीवर बसलेल्या पाहुण्याच्या थाटात, हळू आवाजात. मला हे बघताना गंमत वाटायची. पाठीवरून काटाही जायचा.

काटा का जायचा, ते सांगतो आता.

तळेगावात आमच्या बाबांनी मास्तरकीच्या पगारातून बांधलेलं तीन खोल्यांचं घर आहे. पुढच्या खोलीत भिंतीवर माझ्या थोरल्या बहिणीचा फोटो, वेणी पुढे घेतलेला, आणि फोटोला चंदनी हार. खाली बाबांच्या वळणदार अक्षरात तिचं पूर्ण नाव. येणारा-जाणारा हात जोडी. समोरच्या काकू तर सर्वपित्रीला फूल ठेवून जात.

आणि मागच्या खोलीत ताई. जिवंत.

एकोणिसाव्या वर्षी तिला मेंदूज्वर झाला. वाचा गेली, उजवी बाजू गेली, हातांना कंप आला. बुद्धी मात्र होती तशी राहिली. हे आम्हाला माहीत होतं आणि त्यामुळेच त्या खोलीत जाताना आम्ही तिच्या डोळ्यांकडे बघत नसू. पुढे धाकटीचं लग्न निघालं. पाहुणे पुढच्या खोलीत पोहे खात बसलेले, आणि वरमाईनं फोटोकडे बोट दाखवून विचारलं, "ही थोरली का? कोठी देल्ली?" बाबा आयुष्यभर पोरांना खरं बोलायला शिकवत आले होते. त्या क्षणी त्यांच्या तोंडून निघालं, "ती... नाही आता." पाहुण्यांनी च्यक् च्यक् केलं. लग्न जमलं. दुसऱ्या दिवशी बाबांनी आर्वीच्या बाजारातून हार आणला, कारण चार दिवसांनी तीच माणसं पुन्हा यायची होती.

हार काढायचा राहून गेला, आणि हार पाहून गल्लीनंही तेच खरं धरलं. रेशनकार्ड नवं झालं तेव्हा तिचं नाव लिहायचं राहिलं. मग बाबा गेले, आई गेली, आणि हार, फोटो, मागची खोली असं सगळं माझ्याकडे आलं. मी लग्न केलं तेव्हा बायकोला आठव्या दिवशी सांगितलं. तोवर ती बिचारी भिंतीपलीकडून येणारा एक आवाज ऐकत भुताच्या घरात नांदली. टक्. टक्. ताईच्या डाव्या हातात एक लोखंडी कडं होतं, ते ती कॉटच्या दांडीवर वाजवायची. आम्ही टीव्हीचा आवाज वाढवायचो.

वाईट वागवत होतो का? नाही हो! अंघोळ, जेवण, औषध, सगळं वेळेवर. बायकोनं तिचं जे केलं ते सख्ख्या मुलीनं केलं नसतं. फक्त ती नव्हती. दिवसभर मी दुसऱ्यांच्या अपंग भावा-बहिणींचे कागद लावायचो आणि संध्याकाळी घरी येऊन हार घातलेल्या फोटोखाली चहा प्यायचो.

त्या दिवशी मला ताप होता, रजेवर होतो, आणि कपाटाची किल्ली चुकून माझ्या खिशात घरी आलेली. दुपारी दोनचा सुमार. कूलर घरघरत होता. मी डोळे उघडले तर दारात हयातवाले.

"किल्ली," ते म्हणाले. पण हात पुढे केला नाही. त्यांचे डोळे अंगणातल्या तारेकडे गेले, चपलांकडे गेले, मोरीशी पालथ्या भांड्यांकडे गेले. ओठ हलले. मी मनात म्हटलं, मेलो.

"घरी कोण कोण आहे, बाबू?"

"आम्ही दोघं. पोरगी नागपूरले शिकते."

"हं." मग फोटो. बराच वेळ. "ही?"

"थोरली बहीण. गेली."

"कवा?"

मी एक साल सांगितलं. बायकोनं त्याच वेळी दुसरं सांगितलं. हयातवाल्यांनी दोन्ही ऐकून घेतली, जणू दोन्ही खरी असू शकतात, आणि पाणी मागितलं. बायकोनं तांब्याभांडं आणलं. ते पाणी प्यायले, भांडं खाली ठेवलं.

"आता हिच्याच पेल्यात आणा, सूनबाई."

"काकाजी," मी हसायचा प्रयत्न केला, "गेलेल्या माणसाचा पेला कुठला राहते घरात?"

"मोरीशी आहे न. दोन कानांचा, प्लास्टिकचा. तुमचे हात नाई थरथरत. सूनबाईचेही नाई. मंग तो पेला कोनाचा?"

बायको जागची हलली नाही. ते उठले, आतल्या दाराशी गेले, उंबऱ्यावर उभे राहिले, छत्री टेकवली. आणि फोटोखालचं बाबांच्या अक्षरातलं ते नाव पुकारलं. पूर्ण. बापाच्या नावासकट.

ते नाव आमच्या घरात तीसेक वर्षांत कुणी मोठ्यानं उच्चारलं नव्हतं. आत आम्ही ताई म्हणायचो, तेही दार लोटून. कूलरच्या घरघरीत ते नाव गेलं आणि काहीच झालं नाही. मी तोंड उघडलं. पाठमोऱ्या माणसाची छत्री आडवी वर झाली. बायकोनं कूलर बंद केला. पंखा फिरता फिरता थांबला, आणि घर इतकं गप्प झालं की छपरावरचा पत्रा उन्हानं तडकतो तेही ऐकू यायला लागलं. किती वेळ गेला? मला विचाराल तर बाबा, आई आणि मी, आम्हा तिघांची आयुष्यं गेली.

मग मागून आलं. टक्.

इतकी वर्षं आम्हाला वाटायचं, तिला अस्वस्थ झालं की ती वाजवते. त्या दुपारी समजलं, ती बोलत होती.

"हजर," हयातवाले म्हणाले. पेला आला, त्यात ते पाणी प्यायले. मग फोटोकडे बोट केलं. "हार काढा. मी नाई काढनार. ज्या घरानं घातला त्यानंच काढावा." मी तापलेल्या अंगानं स्टुलावर चढलो. हार निघाला तरी भिंतीवर त्याची पांढरी कमान तशीच राहिली.

"काकाजी, माझा पगार आहे," मी स्टुलावरूनच म्हणालो. "निराधारच्या यादीत ती बसणारच नाही. मग कागद करून फायदा काय?"

"पैशाचं कोन बोलून राह्यलं? उद्या तुमी अन् सूनबाई एस्टीखाली आले, तं हिले कोन उचलन? मेलेल्या बाईले कोनी दवाखान्यात नेते का, कोनी आश्रमात घेते का? बापाच्या पेन्शनीत हिचा हक्क होता, तो कोनी मागितला?" आणि खिशातून पेन्सिल काढून त्यांनी कॅलेंडरच्या मागच्या बाजूला एक रकाना आखला. "नंतर कोन? नाव सांगा."

मी कॅलेंडर पुन्हा खिळ्याला लावलं, रकाना कोराच.

पुढचे चार महिने त्यांनी मला माझ्याच टेबलापुढे अर्जदार म्हणून उभं केलं. आधारवाला मशीन घेऊन घरी आला. ताईच्या बोटांचे ठसे उमटेनात, शेवटी डोळ्यांवर काम भागलं. बाबांच्याच शाळेतून तिचा दाखला निघाला. पण मजा झाली ती तिला वर्ध्याला बोर्डापुढे न्यायच्या दिवशी. आम्ही तिला मागून आणलेल्या चाकाच्या खुर्चीत बसवून उजेडात आणलं, तर समोरच्या काकू गच्चीवर कुरडया घालत होत्या. त्यांनी खाली पाहिलं. चिकाचं पातेलं जिन्यावरून गडगडत खाली आलं.

"अवो माय! ही तं मेली होती न!"

"मेली नवती," हयातवाले छत्री उघडून ताईवर धरत म्हणाले. "घरच्यायनं लिहून ठेवली होती."

धाकटीचा फोन आला. तिच्या मुलासाठी मुली बघणं चाललं होतं. "दादा, काय करून बसला हे? आता मी सासरी काय सांगू?" मी फोन हयातवाल्यांकडे दिला. ते म्हणाले, "काई नको सांगू बाई. तू फक्त एकडाव येजो, अन् तिले तिच्या नावानं हाक मारजो."

वर्ध्याला बोर्डापुढे रांग मोठी होती. त्या रांगेत, ताईच्या खुर्चीमागं उभं राहून, त्यांनी मला स्वतःचं सांगितलं. मी विचारलं नव्हतं.

"माही माय अशीच मागच्या खोलीत होती, पवनारले. कचेरीतून आलो की मी दारातूनच विचारो, माय, बरी आहे का? स्वयंपाकातून वहिनी म्हने, बऱ्या आहे, बऱ्या आहे. मी हातपाय धुवाले जाओ. एक दिवस संध्याकाळी विचारलं. बऱ्या आहे. सकाळी विचारलं. बऱ्या आहे. संध्याकाळी विचारलं. बऱ्या आहे."

"मग?"

"मंग मी चष्मा घ्याले आत गेलो. हात लावला, तं थंड."

रांग एक पाऊल सरकली. त्यांनी ताईची खुर्ची पुढे ढकलली.

"वहिनीचा दोष नाई. तिले वाटे मी पाहून येतो. मले वाटे ती पाहून येते. उत्तर येत होतं न, बाबू. उत्तर येऊन राह्यलं तं मी आत कायले जाऊ?"

आत डॉक्टरांनी मला विचारलं, "यांना समजतं का?" मी तोंड उघडलं आणि माझ्या पायावर छत्रीचं टोक आलं. डॉक्टर शहाणे निघाले. त्यांनी प्रश्न ताईकडे वळवला आणि थांबले. खुर्चीच्या दांडीवर कडं वाजलं.

दाखला मिळाला. मग खुर्ची तिची स्वतःची झाली, एक मुलगी येऊन हातापायांचे व्यायाम घेऊ लागली, रेशनकार्डात नाव चढलं. बाबांच्या पेन्शनीचा अर्ज अजून फिरतोय, फिरू दे. धाकटी दिवाळीत आली. मागच्या खोलीच्या उंबऱ्यावर उभी राहिली, हाक मारायला तोंड उघडलं आणि तिथंच बसली. संध्याकाळपर्यंत ती बाहेर आली नाही. निघताना तिनं कॅलेंडर भिंतीवरून काढलं, उलटं केलं आणि त्या रकान्यात स्वतःचं नाव लिहिलं. पेननं.

हयातवाले निवृत्त होऊन पवनारला गेले. टेबल माझ्याकडे आलं. आता मोबाइलमध्ये बघून डोळे मिचकावले की माणूस जिवंत ठरतो. तरी मी घरी जातो, उंबऱ्यावर उभा राहतो, नाव पुकारतो. लोक मलाही काही नाव ठेवत असतील.

गेल्या वर्षी कचेरीत कुणीतरी म्हणालं, काकाजींचाच हयातीचा दाखला त्या वर्षी गेला नाही, पेन्शन थांबली आहे. फोन लागत नव्हता. ताईला तपासणीला वर्ध्याला न्यायचं होतंच. परत येण्याऐवजी गाडी पवनारकडे घेतली.

धाम नदीच्या बाजूला आत गेलं की शेवटचं घर. दुपार. गल्लीत कुणी नाही. ताईला गाडीतच बसू दिलं, दार उघडं ठेवून, आणि मी अंगणात गेलो. तारेकडे पाहिलं: दोन लुगडी, एक पांढरा बुशशर्ट, पिवळा पडलेला. चपला पाहिल्या: एकच जोड. नेहमी त्यांच्या हातात असायची ती काळी छत्री कुठं दिसली नाही.

"काकाजी! बरे आहे का?"

स्वयंपाकघरातून एका म्हातारीचा आवाज आला. "बरे आहे, बरे आहे."

मी चपला अंगणातच सोडल्या. तो आवाज मी जन्मात ऐकला नव्हता, आणि तो मला पाठ होता: काकाजींची वहिनी.

मी आतल्या उंबऱ्यावर जाऊन उभा राहिलो. मागच्या खोलीचं दार अर्धं लोटलेलं, आत अंधार. मी त्यांचं नाव पुकारलं. पूर्ण, बापाच्या नावासकट, जे मी फक्त पगारपत्रकात वाचलेलं.

"बरे आहे म्हनलं न," म्हातारी पदराला हात पुसत बाहेर आली. "झोपले असन."

मी हात आडवा केला. आम्ही दोघं उभे राहिलो. आतून काही नाही. भिंतीवरची सावली विटेएवढी सरकली. मी मोजायला लागलो होतो, काय ते माहीत नाही.

तेवढ्यात माझ्या पाठीमागे, अंगणापलीकडे, गाडीच्या पत्र्यावर ताईचं कडं वाजलं. टक्.

आणि आतून, अंधारातून, फरशीवर छत्रीचं टोक. टक्.

मी आत गेलो. कॉटवर ते होते, अर्धं तोंड वाकडं, डावा हात निर्जीव, उजव्या मुठीत छत्री. डोळे माझ्यावर, न मिटता. तेच डोळे. लकवा मारून तीन महिने झाले होते. म्हातारी दारातच भिंतीला टेकून खाली बसली. "बापू, माहे गुडघे गेले. मी किती उठबस करू? कोनाले सांगू? तेच सांगत होते सारं, अन् आता तेच बोलत नाई."

"बरोबर आहे, काकू," मी म्हणालो. "तुमचाही अर्ज करू. आधी पाणी आणता का? त्यांच्याच पेल्यात."

तिनं माझ्याकडे पाहिलं, मग उठून बाहेर गेली. राख चोळल्याचा आवाज बराच वेळ येत होता. पेला आला. मी तो उजेडाकडे धरला नाही. अर्धं त्यांना पाजलं, अर्धं मी प्यालो.

मग खिशातून पेन्सिल काढली. "काकाजी, लोकांना विचारलंत तेच विचारतो. तुमचं कोण? माझ्या घरी एक खोली आहे, ताईच्या शेजारी. काकूही येतील. येता का?"

"येतीन, येतीन," म्हातारी मागून म्हणाली. "यायले काय झालं?"

मी मागे न वळता हात वर केला.   मी उंबऱ्यावर जाऊन उभा राहिलो, कारण विचारणाऱ्याची जागा तीच, आणि थांबलो. मला कुठं जायचं होतं?

ऊन खोलीत शिरून कॉटच्या पायाशी आलं. तेव्हा छत्रीचं टोक फरशीवरून हळूच उचललं गेलं आणि टेकलं. टक्.